भाऊबीजेच्या पैशाचा हिशेब

फराळाच्या ताटात चकली-करंजीची जागा जशी ठरलेली, तशी दिवाळी अंकाच्या बालविभागात एका गोष्टीची जागा ठरलेली असते. नावे बदलतात, चित्रे बदलतात. गोष्ट मात्र तीच. एक गरीब मुलगा असतो. त्याची आई लोकांकडे धुणीभांडी करते. समोरच्या बंगल्यात रोषणाई, इकडे खोपटात अंधार. मुलाला वाटेत पैशांचे पाकीट सापडते आणि तो ते इमानाने परत करायला निघतो. पाकीट नेमके बंगल्याच्या मालकाचे निघते. मालकाला गहिवर येतो, तो मुलाच्या पाठीवरून हात फिरवतो, आणि शेवटच्या परिच्छेदात नवे कपडे, मिठाईचा पुडा आणि फुलबाज्या घेऊन दिवाळी त्या खोपटात शिरते. गेली कित्येक वर्षे मी शाळेत मुलांना गोष्टी वाचून दाखवीत आले आहे. ह्या गोष्टीने गलका करणारा वर्गसुद्धा गप्प बसतो, हे मी पाहिले आहे. तिच्यावर माझा राग नाही. पण ती वाचताना एक खट्याळ प्रश्न मनात डोकावतो, तो काही जात नाही. मुलाला पाकीट सापडलेच नसते, तर?

तर त्याची दिवाळी अंधारातच गेली असती. त्याच गल्लीतल्या ज्या दहा मुलांना पाकिटे सापडली नाहीत, त्यांची तर गेलीच. गोष्ट त्या दहांकडे वळूनही पाहत नाही. बंगला तिथे कसा उभा राहिला आणि खोपट त्याच्या समोर का राहिले, हेही ती विचारीत नाही. दोन्ही जणू डोंगर आणि नदी असावीत, तशी जन्मापासून तिथे आहेत!

असे प्रश्न विचारण्याची सवय ज्या टीकापद्धतीने लावली, तिला मार्क्सवादी समीक्षा म्हणतात. हे नाव काढले की घरातली वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात आणि तरुण मंडळी जांभई देतात. दोघांनाही माझी विनंती आहे की थोडा धीर धरावा. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंतचे, जुन्या भाषेत मॅट्रिकचे. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून मी पंडित झाले असे नव्हे. पण ह्या पद्धतीचे मूळ कळायला पांडित्य लागत नाही. संसार करणारी कोणतीही बाई महिनाअखेरीस जे प्रश्न विचारते, तेच ही समीक्षा पुस्तकाला विचारते. हे आले कोठून? ह्याच्यामागे कष्ट कोणाचे? आणि ह्यातून कोणाचे फावले? माणसे आपले अन्नवस्त्र कशी मिळवतात, कोणाच्या मालकीच्या जमिनीवर वा यंत्रावर राबतात, ह्यावर त्यांचे कायदे, चालीरीती, पापपुण्याच्या कल्पना आणि त्यांच्या गोष्टीदेखील पुष्कळशा अवलंबून असतात, हे मार्क्सचे म्हणणे. पाया तो, आणि हा त्यावरचा इमला.

मराठीत ही चर्चा नवी नाही. लालजी पेंडसे यांचे ‘साहित्य आणि समाजजीवन’ १९३५ साली आले. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा फडके-खांडेकरांचा वाद तर आपल्या आजोबांनी ओट्यावर बसून घातला. पण ह्या साऱ्या वादांत कादंबरी, काव्य आणि नाटक यांनाच बोलावणे होते. मुलांच्या गोष्टींना अशा पंक्तीत सहसा पाट मिळत नाही. वस्तुतः त्यांनाच तो आधी मिळायला हवा होता. जग कसे चालते ह्याविषयी माणसाच्या मनात पहिली समजूत रुजते ती गोष्टींतून, आणि तीही अशा वयात की ज्या वयात उलट प्रश्न करायला तो शिकलेला नसतो.

सणाच्या गोष्टीचा जगातला मोठा नमुना म्हणजे डिकन्सची नाताळची गोष्ट, ‘ए ख्रिसमस कॅरल’. ती १८४३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. इंग्लंडातल्या कारखान्यांत राबणाऱ्या लहान मुलांविषयीचा सरकारी चौकशीचा अहवाल त्याच वर्षी निघाला होता. तो वाचून डिकन्स अस्वस्थ झाला. त्याच्या मनात आधी पत्रक काढायचे होते. त्याऐवजी त्याने गोष्ट लिहिली. ती केवढी गाजली हे सांगावयास नको. पण तिचा शेवट पाहा. कंजूष मालक एका रात्रीत पालटतो, कारकुनाच्या घरी मोठा पक्षी धाडतो, त्याचा पगार वाढवतो. कारकुनाचे दुःख मालकाच्या मनाच्या कोतेपणातून आले होते, म्हणून मालकाचे मन मोठे होताच ते संपले. ज्या वर्षी ही गोष्ट लिहिली गेली त्या वर्षी एंगल्स हा तरुण मँचेस्टरात होता आणि कामगारांच्या वस्त्या पायाखाली घालीत होता. १८४५ साली त्याचा ग्रंथ आला. त्याचे सांगणे असे होते की मालक भला असो वा बुरा, तो मालक आहे आणि कामगारापाशी दोन हातांखेरीज विकायला काही नाही, दुखणे इथे आहे. डिकन्सने दुखणे पाहिले होते. औषध मात्र त्याने मालकाच्या हृदयात शोधले. आपली पाकिटाची गोष्ट ह्याच घराण्यातली. फार तर धाकटी पाती म्हणा.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा एवढा पाल्हाळ लावला तिच्याकडे येते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधली बाविसावी रात्र, ‘आनंदाची दिवाळी’. हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले आणि १९३५ साली, म्हणजे पेंडशांच्या ग्रंथाच्याच वर्षी, बाहेर पडले. बेचाळीस रात्री श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. बाविसाव्या रात्रीची हकिगत थोडक्यात अशी. दिवाळी आली आहे. घरी तंगी आहे. वडिलांचे धोतर फाटलेले आहे. आईला भाऊबीजेचे म्हणून भावाकडून थोडे पैसे मिळतात. त्या पैशांतून ती स्वतःसाठी काही घेत नाही. नवऱ्यासाठी धोतर आणवते. दिवाळीच्या दिवशी ते वडिलांच्या अंगावर चढते. एवढ्यावर घरातली दिवाळी आनंदाची होते.

ही गोष्ट महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या रडत वाचली आहे. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी ह्या पुस्तकावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याने मिळवले, तेव्हा ज्यांना वाचता येत नव्हते तेही रडले. पुस्तकावर एक आक्षेप मात्र नेहमी घेतला गेला. हे सारे भावविवश आहे, सोशिकपणाची पूजा आहे, गरिबाने गरिबीत सुख मानावे असा हा उपदेश आहे. मार्क्सवादी वळणाच्या वाचकाला तर हा आक्षेप हातात आयता मिळतो. बाईने त्याग करावा, पुरुषाने नवे धोतर नेसावे, मुलाने डोळे पुसावे, आणि गावातली सावकारी जशी होती तशी राहावी! हेच का ते आनंदाचे गमक?

मला हा आक्षेप अर्धाच खरा वाटतो. ही गोष्ट पाकिटाच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहावी. पहिला फरक चटकन डोळ्यांत भरतो. श्यामच्या घरी दाता येत नाही. कोणी शेठ गहिवरत नाही, कोणाचे हृदयपरिवर्तन होत नाही, वाटेत काही सापडत नाही. घरात जे आहे त्यातूनच दिवाळी निघते, आणि ते कोठून आले हे गोष्ट स्पष्ट सांगते. पैसा भाऊबीजेचा, वस्तू धोतर, घेणारी आई, नेसणारा नवरा. फारच थोड्या दिवाळी गोष्टी आपल्या आनंदाची पावती अशी वाचकाच्या हाती ठेवतात. इतर गोष्टींत पैसा पावसासारखा वरून पडतो. इथे तो मोजलेला आहे.

आणि तो मोजला की ती भाऊबीज काय होती, हेही दिसू लागते. आपण ओवाळणीकडे प्रेमाची खूण म्हणून पाहतो, ती आहेही. पण गोष्टीतला काळ विसाव्या शतकाच्या आरंभीचा. त्या काळी भाऊ असलेल्या हिंदू मुलीला बापाच्या घरादारात, शेतीवाडीत वारसाहक्काने भावाबरोबर वाटा मिळत नसे. तो हक्क १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने काही अंशी आला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली आला. तोवर मुलीच्या वाट्याला काय येई? लग्नातले दागिने, आणि मग वर्षाला एकदा ताटात पडणारी भावाची ओवाळणी. जो वाटा कायद्याने नाकारला होता, त्याचा हा तुकडा रीतिरिवाजाने दारात येऊन पडे. तो मात्र तिचा असे. शास्त्राने आणि न्यायालयांनीही माहेरच्या अशा देण्याला स्त्रीधन मानले होते. घर नवऱ्याचे, जमीन नवऱ्याची, कर्जही नवऱ्याचे. त्या घरात निर्विवादपणे आईच्या मालकीचे असे जर काही असेल, तर ते हे चार पैसे. त्यांचेच धोतर झाले.

हे ध्यानात घेऊन ती रात्र पुन्हा वाचा. त्याग शब्द आता पुरा पडत नाही. एक घराणे खाली येत आहे. पुढच्या रात्रींच्या नुसत्या मथळ्यांवरून उतार कळतो: कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक, वित्तहीनाची हेटाळणी, तेल आहे तर मीठ नाही, अब्रूचे धिंडवडे. ह्या उतरणीवर घराची अब्रू झाकायला शेवटी जे भांडवल उरते ते बाईच्या स्त्रीधनाचे. धोतर नेसून वडील चार माणसांत जाणार. म्हणजे घराची लाज रस्त्यावर त्यांच्या धोतराने राखली जाणार. आईचे लुगडे स्वयंपाकघरात दिसते कोणाला? तेव्हा तिने केलेली निवड प्रेमाची होती आणि हिशेबाचीही होती. गुरुजींनी प्रेम मोठ्या अक्षरांत लिहिले. पण हिशेब खोडून टाकला नाही. म्हणून तो आज आपल्याला वाचता येतो.

ह्याच ठिकाणी मार्क्सवादी समीक्षेचा एक जुना धडा उपयोगी पडतो. १८८८ च्या एप्रिलात एंगल्सने मार्गारेट हार्कनेस ह्या लेखिकेला पत्र लिहिले होते. त्यात बाल्झाकविषयी त्याचे म्हणणे असे की ह्या कादंबरीकाराचे राजकारण जुन्या सरदारांच्या बाजूचे होते, परंतु त्याची लेखणी इतकी प्रामाणिक की त्याच सरदारवर्गाचा ऱ्हास त्याने इतरांहून खरा रेखाटला. लेखकाच्या मतांपेक्षा त्याची दृष्टी पुढे गेली. लेनिननेही १९०८ साली टॉलस्टॉयबद्दल अशाच धर्तीचे लिहिले: उपदेश एकीकडे आणि रशियन शेतकऱ्याच्या जगण्याचे प्रतिबिंब दुसरीकडे. गुरुजींच्या उपदेशाचे आणि त्यांच्या गोष्टीचे नाते मला असेच दिसते. उपदेश म्हणतो, आई कशी देवता होती पाहा. गोष्ट म्हणते, त्या देवतेजवळ स्वतःचे म्हणून किती उरले होते तेही पाहा.

मात्र समीक्षेने इथे थांबून चालायचे नाही. पावतीवर एक रकाना कोरा आहे, तोही दाखवला पाहिजे. साने यांचे पालगडचे घराणे खोताचे. खोत म्हणजे गावचा सारा सरकारात भरणारा मध्यस्थ, आणि त्याबदली गावावर हक्क चालवणारा. कुळांनी शेते कसायची, पिकातला हिस्सा खोताच्या घरी पोचवायचा, वर वेठही करायची, अशी कोकणातली रीत होती. श्यामचे घर बुडत होते हे खरे. पण ते ज्या उंचीवरून बुडत होते ती उंची कुळांच्या खांद्यांची होती. दिवाळीच्या त्या रात्री कूळ पात्र म्हणून उभे राहत नाही. भाऊबीजेचा पैसा मोजला जातो. घरात शिजणारा भात कोणी लावला, कोणी कापला, ते मोजले जात नाही. धोतराचेही तेच. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांचे कापड कोकणातल्या दुकानांत येत असे, आणि त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे हजारोंनी राबत असत. शेत पोसत नाही म्हणून बोटीने गेलेल्या एखाद्या कुळाच्याच हाताखालून ते धोतर निघाले असणे अशक्य नव्हते. बाजारात आलेली वस्तू आपल्या करणाऱ्याचे नाव विसरते, हे मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ ग्रंथात मोठ्या बारकाईने सांगितले आहे. घडीचे नवे धोतर हातात घेणाऱ्याला त्याचा पोत दिसतो, किंमत दिसते. मागावर रात्रपाळी करणारा दिसत नाही.

ह्याला त्या काळाची एक साक्षही आहे. गुरुजींनी तुरुंगात हे पुस्तक लिहिले त्याच १९३३ साली, दिवाळी उलटल्यावर थोड्याच दिवसांत, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांचा संप सुरू झाला. बहुतेक सारे आगरी शेतकरी. त्यांनी खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले आणि ते सहा वर्षे, १९३९ पर्यंत, अडून राहिले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले; १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर चालून आला. खोती अखेर १९४९ च्या कायद्याने गेली. म्हणजे श्यामची आई घरोघर वाचली जात होती, त्याच सुमारास त्याच कोकणात दुसऱ्या कित्येक आया संपाच्या दिवाळ्या काढत होत्या. त्यांच्या घरीही फाटकी वस्त्रे होती. त्यांच्या दिवाळीची गोष्ट मात्र कोणी मुलांसाठी लिहिली नाही.

हा दोष एकट्या गुरुजींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ह्याच पुस्तकात मथुरी ही कांडपीण एका रात्रीची मानकरीण आहे. ‘देवाला सारी प्रिय’मध्ये एका म्हाताऱ्या महार स्त्रीची मोळी श्यामने उचलून द्यावी म्हणून आई त्याला पाठवते, आणि नंतर अंघोळ कर असेही सांगते. त्या अंघोळीत आईची मर्यादा आहे. मोळी उचलण्यात तिची थोरवी आहे. दोन्ही लेखकाने लपवली नाहीत. पुढे त्याच लेखकाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपवास केला. अंघोळ कर म्हणणाऱ्या आईपासून पंढरपूरच्या उपवासापर्यंत तो मुलगा चालत गेला. म्हणून मी म्हणते, कोरा रकाना दाखवावा. पण वही फाडू नये.

मी राहते आणि शिकवते ते भाईंदर. रेल्वेने वसईच्या खाडीकडे जाणाऱ्यांना रुळांच्या बाजूची मिठागरे ठाऊक असतील. पुष्कळशी आता ओस आहेत, त्यांच्या कडेला उंच इमारती उभ्या आहेत. २००२ पासून इथे महानगरपालिका आहे. पूर्वेच्या बाजूला स्टीलची भांडी घडवणारे लहानमोठे कारखाने आहेत. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे वडील तिथे पॉलिशचे काम करतात. घरी येतात तेव्हा डोळे आणि दात तेवढे पांढरे दिसतात. धनत्रयोदशीला घरोघर एक नवे भांडे यायचे असते, म्हणून दिवाळीच्या आधी त्यांच्या पाळ्या लांबतात. ज्या मुलाच्या बापाने ते भांडे चकचकीत केले, त्याला त्या दिवसांत बाप झोपलेलाच दिसतो. अशा वर्गात मी ‘आनंदाची दिवाळी’ वाचते.

एकदा ती वाचून झाल्यावर मी मुलांना नेहमीप्रमाणे विचारले, आईचा कोणता गुण घेण्यासारखा? उत्तरेही नेहमीची आली: त्याग, प्रेम, समाधान. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिची आई घरी बसून नगावर मोत्यांच्या माळा ओवते. ती म्हणाली, “बाई, ते पैसे तिला परत मिळाले का?” वर्ग हसला. कोणी म्हणाले, नवऱ्याकडून पैसे परत कोण घेते? ती म्हणाली, “पण पैसे तिचे होते ना?”

त्या मुलीने मार्क्सचे नाव ऐकलेले नाही. पण शंभर माळांचे किती आणि दोनशेंचे किती, हे ती रोज पाहते. ठेकेदाराने महिनाभर पैसे थकवले की घरात काय होते, हेही पाहते. तिच्या प्रश्नात आईविषयी अनादर नव्हता. उलट मला वाटते, वर्गात त्या दिवशी आईची बाजू घेणारी ती एकटीच होती. बाकी सगळ्यांनी आईला देवघरात बसवून मोकळे केले होते. हिने तिला माणसांत आणले. देवीचे कर्ज कोणी फेडत नाही, माणसाचे फेडावे लागते.

आता ह्या टीकापद्धतीच्या भक्तांनाही चार शब्द ऐकवले पाहिजेत, नाहीतर न्याय एकतर्फी होईल. ही फूटपट्टी हातात आली की काहींना प्रत्येक गोष्टीच्या शेवटी झेंडा हवा असतो. आईने धोतर न आणता कुळांची सभा भरवली असती, तर ह्या मंडळींचे समाधान झाले असते! अशा गोष्टीही लिहिल्या गेल्या आहेत, आणि मुलांनी त्या अर्ध्यावर मिटून ठेवल्या आहेत. लेखकाची मते जितकी झाकलेली तितके कलाकृतीचे भले, हे स्वतः एंगल्सने त्याच पत्रात सांगितले होते. त्याच्या शिष्यांनी ते वाक्य बहुधा घाईत वाचले. शिवाय एक गोष्ट ह्या फूटपट्टीत मावत नाही. वडिलांच्या अंगावर नवे धोतर पाहून आईला जो आनंद झाला तो खोटा होता काय? नाही. तो खरा होता. गरिबाघरचा आनंद म्हणजे नुसती अफूची गोळी, असे म्हणणाऱ्याने गरिबाघरची दिवाळी आतून पाहिलेली नाही. आनंद खरा, आणि त्याची किंमत अन्यायाने एकाच माणसाकडून वसूल झाली हेही खरे. चांगली गोष्ट दोन्ही एकाच वेळी सांगते. वाईट गोष्ट आनंद दाखवते आणि किंमत गिळते. रागावलेली समीक्षा किंमत दाखवते आणि आनंद गिळते.

पाकिटाची गोष्ट वाचून मूल काय शिकते? की इमानाने वागावे म्हणजे बंगल्याचे दार उघडते. दार उघडले नाही तर ते काय समजेल? आपल्याच इमानात काही उणे पडले, असे. माझा खरा विरोध आहे तो इथे. नशिबाला नीतीचे बक्षीस म्हणून सांगणे ही मुलांची फसवणूक आहे. आणि ज्यांच्या घरी दिवाळी उशिरा येते त्या मुलांची ती अधिकच आहे. ‘आनंदाची दिवाळी’ असे काही कबूल करीत नाही. आई चांगली आहे, तरी तिचे घर पुढे बुडतेच, जप्ती येतेच, ती मरतेच. चांगुलपणा हा बुडण्यावरचा उपाय नव्हे, हे गुरुजींनी मुलांपासून दडवले नाही. मराठीतल्या बालवाचकाला एवढ्या मोठेपणाने वागवणारी पुस्तके फार नाहीत.

तेव्हा ह्या दिवाळीत मुले अंक घेऊन बसतील तेव्हा मोठ्यांनी थोडी सवड काढावी. गोष्ट वाचून झाल्यावर ‘तात्पर्य काय?’ एवढेच न विचारता आणखी दोन-तीन प्रश्न विचारावेत. पैसा कोठून आला? वस्तू कोणी केली? जिने दिले तिच्याजवळ काय उरले? मुले उत्तरे देतील. आपल्याला अवघड वाटतील अशी देतील. ताटातल्या करंजीलाही हेच प्रश्न विचारायला हरकत नाही. रात्री जागून त्या कोणी लाटल्या, आणि सगळ्यांची पंगत उठल्यावर शेवटची कोणाच्या वाट्याला आली, हे घरातल्या घरात कळले तरी पुष्कळ झाले. भाऊबीजेला बहिणीच्या ताटात पैसे टाकणाऱ्या भावांनीही जाता जाता विचारावे, गेल्या वर्षीच्यांचे तू स्वतःसाठी काय घेतलेस? आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबावे.